घोंगडीवर राहिलेला स्क्रू

अण्णांना ‘किती’ असं विचारलेलं आवडत नसे. काम किती दिवसांचं, पाने किती, मुलं किती, वय किती, कशाचाच आकडा त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. चिटगुप्प्याच्या बाहेर, हुमनाबादकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या पाठीला लागून घर. एकदा घरोघर फिरून माहिती लिहून घेणारा सरकारी माणूस वही घेऊन आला आणि म्हणाला, घरात माणसं किती. अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला, मागे तोंड करून सगळ्यांना हाका मारल्या आणि बायको, मुलं, सुना, नातवंडं अशी सगळी गॅरेजच्या भिंतीला लावून ओळीने उभी केली.

“तुमीच बगून लिवा,” ते म्हणाले.

त्याने लिहिलं. मग मान वर करून म्हणाला, “आणि तुम्ही?”

“मी हितं उभा हाय की.”

त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. कळपाचा आकडा तोंडाने काढला की एक कमी होतं, असं त्या घरात मानत. संध्याकाळी मेंढरं परतली की वडील वाड्याच्या तोंडाशी उभे राहून नुसते बघायचे, आणि सगळी आत गेल्यावर सांगायचे, कान फाटलेली काळी आली नाही. अण्णांना हीच रीत बरोबर वाटे. “आकड्यानं काय कळतंय सर?” ते मला म्हणत. “धा म्हनलं की धाच्या धा सारखीच. कोनतं न्हाई, ते कळलं पायजे.”

मी विज्ञान शिकवतो. हळ्ळीखेडच्या शाळेत तेव्हाही शिकवत होतो. आकड्यावाचून काय कळतं, असा माझा उलटा प्रश्न असायचा, आणि तो मी त्यांना दर भेटीत विचारायचो. मला वाद घालायला आवडतं. बायको म्हणते, जिंकायला आवडतं. आमच्या घरात या दोन गोष्टींत फरक कुणी करत नाही.

गाडी दुरुस्त करायची अण्णांची पद्धत अशी होती. वडिलांची एक काळी घोंगडी ते गाडीशेजारी फरशीवर अंथरायचे. गाडीतून जे निघेल ते, नट असो, वायसर असो, क्लिप असो, निघालेल्या क्रमाने घोंगडीवर मांडायचं आणि परत बसवताना उलट्या क्रमाने उचलत न्यायचं. घोंगडी मोकळी झाली की गाडी झाली. मग ते उभे राहून घोंगडी दोन्ही हातांनी झटकायचे, फाडकन आवाज यायचा, आणि समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेला गाडीचा मालक त्या आवाजावर उठायचा. गाडी कधी मिळेल म्हणून कुणी विचारलं तर अण्णा घोंगडीकडे बोट करत. “तिला इचारा.”

एकदा झटकताना एक वायसर उडून रस्त्यावर गेलं. गाडीचा मालक किल्ली हातात घेऊन उभा होता. अण्णांनी किल्ली परत मागून घेतली. दुसरं वायसर टाका की, असं तो चारदा म्हणाला. अण्णांनी तीन दिवस रस्त्याकडेचं गवत पालथं घातलं, वायसर शोधलं आणि मगच गाडी दिली. तो माणूस परत आला नाही. असे परत न येणारे बरेच होते. किती, ते अण्णांना विचारायची सोय नव्हती.

आता माझ्या गाडीची गोष्ट. गाडी जुनी घेतलेली होती आणि ब्रेक दाबला की पुढून किंचाळायची. अण्णांनी दोन्ही पुढची चाकं काढली, डिस्क काढल्या, घासूनपुसून, पॅड बदलून परत बसवायला घेतल्या. ही डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी थाळी, ब्रेक तिलाच दोन्हीकडून चिमटा घेतो. ती थाळी मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या तुंब्यावर, नुसती बसवलेली असते आणि एका बारीक स्क्रूने तिला पकडलेलं असतं. स्क्रू करंगळीच्या पेराएवढा. बाकीचे मिस्त्री हे स्क्रू गंजून अडकले की ड्रिल मारून मोकळे होतात आणि परत लावतही नाहीत. अण्णा कोंबडीच्या पिसाने त्यांना डिझेल पाजत, हातोडीने हलक्या हाताने टिचक्या मारत, भाकरी खाऊन येत, पुन्हा टिचक्या मारत. ड्रिल मारलेला स्क्रू दुसऱ्या कुणाच्या गाडीत दिसला तर म्हणत, “मारला ह्याला.”

उजवं चाक झालं. डाव्या बाजूचा स्क्रू घोंगडीवरून घरंगळला आणि शहाबादी फरशीच्या सांध्यात गेला. तार घालून पाहिली, चुंबक लावून पाहिलं. अण्णा उठले आणि म्हणाले, “उद्या सकाळी फरशी उचलतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला कलबुर्गीला जायचं होतं. उशिरा आलेल्या शिक्षकाला तिथे कसं बोलतात ते मला माहीत होतं. मी म्हणालो, “अण्णा, हा स्क्रू लागतच नाही.”

“लागत न्हाई म्हंजी?”

मग मी त्यांना शिकवलं. शटर अर्धं ओढलं, खडू माझ्या खिशात असतोच, आणि शटरवर आकृती काढली. हा हब, ही डिस्क, हे चाक, हे चार मोठे नट. नट आवळले की चाक डिस्कला हबवर दाबतं. सगळा भार त्या दाबावर, त्या घर्षणावर. दोन दगडी पाट्यांमध्ये वहीचा कागद धरला तर कागदाला टाचणी कशाला? समोरच्या हॉटेलातले पाचसहा जण चहा घेऊन इकडे येऊन उभे राहिले. मला चेव आला. गाडी चालताना या स्क्रूवर कसलाही भार येत नाही, हे मी बाण काढून दाखवलं.

अण्णा आकृतीकडे पाहत होते. “मग कंपनीनं कामून लावलं?”

“कारखान्यात गाडी पुढे सरकत असते. चाक बसेपर्यंत डिस्क पडू नये म्हणून.”

“म्हंजी चाक बसस्तोवर धरायला.”

“हो.”

“आन परत चाक काडलं तर?”

“तेव्हा हाताने धरायचं,” मी म्हणालो. लोक हसले. अण्णाही थोडे हसले.

मग त्यांनी चाक लावलं, नट आवळले आणि किल्ली माझ्या हातात दिली. घोंगडी त्यांनी झटकली नाही. घडी घालून आत नेली. मी कलबुर्गीला वेळेवर पोचलो आणि दिवसभर फार खुशीत होतो.

खंडेनवमीला मी गॅरेजात गेलो. दरवर्षी त्या दिवशी पाने, हातोड्या, जॅक पुसून घोंगडीवर मांडत आणि त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहत. त्या वर्षी हत्यारं पत्र्याच्या ट्रेमध्ये होती. घोंगडी कुठे म्हणून विचारलं तर अण्णा म्हणाले, “वर ठिवली. आता काय काम तिचं?” दोन दिवसांची कामं ते आता एका दिवसात करत होते. दारात गाड्या उभ्या होत्या. डिस्कचे स्क्रू डिझेल पाजून, टिचक्या मारून काढत तसेच होते, परत मात्र लावत नव्हते.

“काढायला एवढी मेहनत घेता, मग लावत का नाही?” मी विचारलं.

“लागत न्हाई म्हनलाव की तुमीच. लागत न्हाई ते लावायचं कामून?”

काढलेले स्क्रू ते सुपारीच्या एका जुन्या डब्यात टाकत. मला वाटलं, चला, एक माणूस सुधारला. घरी येऊन मी ते बायकोला सांगितलंही.

दिवाळीनंतर एका दुपारी अक्का शाळेत आल्या. अक्का म्हणजे अण्णांच्या बायको. शिक्षकांच्या खोलीत बाकाच्या अगदी कडेला बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि थेट विषयावर आल्या.

“सर, तुमी शिकिवलेलं परत घेता येतंय का?”

मी विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं ते असं. अण्णा जेवता जेवता उठायला लागले होते. अमक्या गाडीचं काम झालंय की राहिलंय, तेच कळेना म्हणत. गाडी मालकाने नेल्यावर सायकल काढून तिच्या मागे जात. “परवा हितं हळ्ळीखेडलाच आलते. गिऱ्हाइकाच्या दारात त्याच्या गाडीभोवती फिरायलेत नुसतं. त्या लोकान्ला वाटलं चोर आला. आन आता म्हनायलेत, संक्रांत झाली की गॅरेज बंद करतो. झालेलं काम झालं म्हनून कळत नसंल तर ते काम करू नये म्हनतेत. घोंगडी होती तवा बरं चाललंतं. तुमी एकडाव या आन सांगा, लागतंय म्हनून.”

मी त्यांना समजावलं की विज्ञानात असं करता येत नाही. जे सिद्ध झालं ते झालं. अण्णांच्या समाधानासाठी मी खोटं कसं बोलू? अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, “खोटं न्हाई, सर. नुसतं परत घ्या.” मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो, याचाच मला त्या दिवशी मोठेपणा वाटला.

मग येळवस आली. येळवसेच्या अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं रिकामी होतात. सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत दगडांचे पांडव मांडतात, भज्जी, उंडे खातात आणि आंबील रानभर शिंपडतात. आमचं शेत खजुरीला. आईने आदल्या दिवशी आंबील केली होती, मातीची बिंदगी तोंडाला फडकं बांधून पुढच्या सीटवर स्वतःच्या दोन पायांत धरली होती. बायको आणि मुलं आधीच पोचली होती. खजुरी फाट्याच्या अलीकडे डावं पुढचं चाक पंक्चर झालं.

चाक बदलणं हे काही काम नव्हे. मी जॅक लावला, चाक काढलं. तशी डिस्क माझ्याकडे झुकली. मी तिला मागे ढकललं, ती पुन्हा झुकली. स्टेपनी उचलायला मला दोन हात लागत होते आणि डिस्क धरायला तिसरा.

“आई, जरा उतरतेस का?”

आई उतरली. तिला बिंदगी खाली ठेवायची नव्हती, पण ठेवली. नव्या लुगड्यावर डाग पडू नये म्हणून पदर खोचला आणि वाकून दोन्ही हातांनी ती काळी थाळी धरली.

“हे कोन धरायचं असतंय रे?”

“स्क्रू असतो त्याला.”

“कुठाय मग?”

“तो लागत नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “मग मी कामून धरायलेय?”

स्टेपनी चढवताना तिचा हात निसटला, डिस्क पुढे आली, मी चाकानेच तिला मागे रेटलं आणि नट आवळले. पुढे निघालो तर ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग थरथरायला लागलं. खजुरीच्या उतारावर समोर बायका-पोरं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती. मी ब्रेक दाबला आणि पेडल पार खाली गेलं, त्याला काही लागलंच नाही. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा गाडी धरली. ट्रॉलीच्या फळीपासून वीतभर अंतरावर थांबलो. ट्रॉलीतल्या पोरांनी आम्हाला हात केला.

आईच्या पायांतली बिंदगी आडवी झाली होती. आंबील तिच्या लुगड्यावर, सीटवर, माझ्या चपलांवर.

“रानात शिंपायची व्हती,” आई म्हणाली, “तू गाडीत शिंपलास.”

मी हसलो नाही. मी आईला मारलं असतं, आणि आकृतीसकट मारलं असतं, हे मला तिथे बसून स्पष्ट दिसत होतं.

परतताना आईला बायकोसोबत बसने पाठवलं आणि दुसऱ्या गिअरच्या वर न जाता एकटा चिटगुप्प्याला आलो. अण्णा ट्रेसमोर बसले होते. मी झालं ते सांगितलं, तसं त्यांनी डावं चाक काढलं, डिस्क ओढली आणि तिच्या पाठीमागून निघालेलं तळहातावर घेऊन मला दाखवलं. गंजाचा एक पापुद्रा आणि ज्वारीच्या दाण्याएवढा खडा.

“हे मधी व्हतं. थाळी वाकडी बसली.”

“बरोबर,” मी सुरू झालो. “म्हणजे बघा, डिस्क हबवर सपाट टेकली नाही, त्यामुळे ती फिरताना डुलते, पॅडना मागे ढकलते, म्हणून पहिल्या दाबाला पेडल खाली जातं. चालताना स्क्रूवर भार नसतो हे माझं बरोबरच आहे, पण चाक काढलेलं असताना जर...”

“लई बोलायलाव सर,” अण्णा म्हणाले. “लागतंय का न्हाई?”

समोरच्या हॉटेलातले लोक पाहत होते. त्यातले दोघे त्या दिवशी आकृतीसमोर उभे होते.

“लागतंय,” मी म्हणालो.

“कवा?”

“चाक काढल्यावर.”

“तवा मी तेच इचारलो व्हतो,” अण्णा म्हणाले. टोमणा नव्हता. नुसतं सांगितलं.

“मग पुढे बोलला का नाहीत?”

“तुमी लई मन लावून शिकवायला व्हता. मधी कसं बोलावं?”

मला फार लाज वाटली. वीस वर्षं मी पोरांना म्हणत आलोय, शंका असेल तर विचारा. एका माणसाने विचारली होती, आणि मी लोकांना हसवून मोकळा झालो होतो.

अक्का आतून घोंगडी घेऊन आल्या. त्यांना कुणी आणायला सांगितलं नव्हतं. अण्णांनी ती अंथरली, सुपारीचा डबा तिच्यावर उपडा केला आणि त्या ढिगातून माझा स्क्रू एका नजरेत उचलला. मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी उचलून त्यांनी तो काढून ठेवला होता. तो लावला, चाक लावलं. घोंगडीवर बाकीचे स्क्रू पडले होते.

“आता हे,” ते म्हणाले.

मी ते मोजले, मनातल्या मनात, ओठ न हलवता. आकडा इथे लिहीत नाही.

गॅरेज संक्रांतीनंतर चालूच राहिलं, रविवारचं सोडून. रविवारी मी माझी गाडी काढायचो, अण्णा घोंगडी मांडीवर घेऊन शेजारी बसायचे आणि आम्ही गावोगाव जायचो. कोणता स्क्रू कुणाच्या गाडीचा, ते त्यांना तोंडावरून कळायचं. डोकं झिजलेला हुमनाबादच्या कंपाउंडरचा. अर्धा काळा पडलेला हळ्ळीखेडच्या वाण्याचा. मी लोकांना समजावायचो, अण्णा चाक काढायचे. फुकट काम करून देतो म्हटलं की लोक जास्तच घाबरत. एका बाईने आम्हाला ओसरीवरूनच परत पाठवलं, म्हणाली, “फुकट करायलाव म्हंजी काय तरी काडून न्यायला आलाव.” पुढच्या रविवारी आम्ही अक्कांना सोबत नेलं, तेव्हा तिने चाकाला हात लावू दिला.

शेवटी एक स्क्रू राहिला. तो एका अडत्याच्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाचा होता. त्याने गाडी उमरग्याकडच्या माणसाला विकली होती आणि त्या माणसाने पुढे कुणाला तरी. आम्ही दोनदा उमरग्याला जाऊन आलो. गाडी सापडली नाही.

तेव्हापासून अण्णांची घोंगडी कधी पूर्ण मोकळी झाली नाही. कुणाचीही गाडी झाली की ते तो एक स्क्रू उचलून खिशात टाकायचे, घोंगडी झटकायचे, पुन्हा अंथरायचे आणि स्क्रू परत तिच्या कोपऱ्यात ठेवायचे. मालकाला किल्ली देताना म्हणायचे, “तुमची झाली. एकाचं राहिलंय.” नवख्या माणसाला वाटे आपल्याच गाडीचं काहीतरी राहिलं. तो घाबरून चाकांकडे बघत बसायचा. जुने लोक हो म्हणून निघून जायचे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर अक्का गॅरेजात घोंगडीजवळ बसल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातला स्क्रू उचलून माझ्या हातावर ठेवला.

“हे तुमचं हाय, सर.”

मला रडू आलं. मोठ्याने आलं, हॉटेलातले लोक उठून उभे राहतील एवढ्या मोठ्याने. अक्कांनी मला रडू दिलं. माझं आटपल्यावर त्यांनी घोंगडी झटकली.

तो स्क्रू मी पाकिटात ठेवतो. चालत्या गाडीला तो लागत नाही, हे मी आजही शटरवर काढून दाखवू शकतो. तरी पांढरी, त्याच बनावटीची गाडी उभी दिसली की माझे पाय तिकडे वळतात. शाळेतली पोरं यावरून माझी नक्कल करतात, आणि चांगली करतात.

या वर्षी येळवसेला खजुरी फाट्याच्या हॉटेलासमोर तशी एक गाडी उभी होती. जुनी, मागच्या दाराला पोचा पडलेली. अडत्याच्या गाडीला पोचा होता असं अण्णा म्हणायचे. मी गाडी थांबवली आणि चहा पीत बसलेल्या मालकाला म्हणालो, “तुमचं डावं पुढचं चाक जरा काढून बघू का?”

“कामून?” तो म्हणाला.

कारण मला पाठ आहे. खडूही खिशात होता.

“एकाचं राहिलंय,” मी म्हणालो आणि माझ्या डिकीतून जॅक काढला.

तो माणूस काही बोलायच्या आत आमच्या गाडीचं दार उघडलं. आईने आंबिलीची बिंदगी सीटखाली नीट टेकवून ठेवली, पदर खोचला आणि डिस्क धरायला खाली उतरली.